कोळंबीचा आवाज ऐका, खाद्य वाचवा

(खारजमिनीतील कोळंबी संवर्धकांच्या मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा सारांश)



मी कृषिविद्येचा व्याख्याता. भाताला खत किती आणि केव्हा द्यावे, हा माझा रोजचा विषय. भाताचे पान पिवळे पडले तर बांधावरून दिसते. तळ्यातली कोळंबी मात्र गढूळ पाण्याखाली असते. टाकलेले खाद्य तिने खाल्ले की ते तळाशी कुजत पडले, हे ओळखायचे कसे? याचे एक उत्तर तिच्या आवाजात आहे.

आवाज निघतो कसा?

कोळंबी, खेकडा, शेवंड यांना आपल्यासारखा गळा नाही. त्यांचा आवाज प्रामुख्याने अवयव एकमेकांवर घासून किंवा आपटून निघतो. शेवंड पकडली की ती करकरते, हे आपल्या कोळी बांधवांना ठाऊक आहे. तिच्या लांब मिशीच्या बुडाशी असलेला मऊ भाग डोळ्याखालच्या पट्टीवर अडखळत घासतो. सारंगीच्या तारेवर गज फिरावा तसाच हा प्रकार. शीला पटेक या शास्त्रज्ञ महिलेने 2001 मध्ये हे दाखवून दिले. कात टाकल्यावर कवच मऊ असतानाही शेवंडीला असा आवाज काढता येतो. शत्रूने धरल्यावर त्याला बिचकवून निसटण्यासाठी तिला त्याचा उपयोग होतो.

पिस्तूल कोळंबीची तऱ्हा निराळी. तिची एक नांगी फार मोठी असते. ती झटक्यात मिटली की पाण्याची जोरदार चिळकांडी उडते व पाण्यात एक बुडबुडा तयार होतो. तो फुटतो त्याचाच मोठा ‘टक्’ असा आवाज होतो. नांगीची बोटे आपटून हा आवाज होत नाही, हे 2000 साली अतिवेगवान कॅमेऱ्याने सिद्ध झाले. या चिळकांडीने ती लहान भक्ष्याला बधिर करते आणि प्रतिस्पर्ध्याला दूर ठेवते. अशा हजारो कोळंबी एकत्र असल्या की कढईत मोहरी तडतडावी तसा समुद्र वाजतो. दुसऱ्या महायुद्धात पाणबुड्यांचा कानोसा घेणाऱ्या अमेरिकन नौदलाला या तडतडीचा मोठा अडथळा झाला होता.

आपल्या तळ्यात काय?

आपण वाढवतो ती टायगर किंवा व्हन्नामेई कोळंबी नांगीचा बार काढत नाही. परंतु खाद्याची गोळी कुरतडताना तिचे जबडे मिटतात आणि बारीक ‘टिक-टिक’ होते. हा काही तिचा संदेश नव्हे, तो जेवणाचा आवाज आहे. काठावरून तो ऐकू येत नाही. पाण्यात सोडलेला ध्वनिग्राहक तो टिपतो. टिकटिक चालू असेपर्यंत यंत्र थोडे थोडे खाद्य टाकते, आवाज मंदावला की थांबते. ऑस्ट्रेलिया, इक्वेडोर या देशांत अशी यंत्रे वापरात आहेत. एरेटरचा व पावसाचा आवाजही पाण्यात मिसळतो, त्यातून टिकटिक वेगळी काढावी लागते.

यंत्र नसेल तर?

यंत्र महाग आहे. ते प्रत्येकाने घ्यावे, असा माझा आग्रह नाही. त्यामागचे तत्त्व मात्र फुकट आहे: घड्याळ पाहून नव्हे, भूक पाहून खाद्य द्या. त्यासाठी पुढील गोष्टी कराव्यात.

1. चेक ट्रेमध्ये थोडे खाद्य ठेवून दीड-दोन तासांनी पाहावे. शिल्लक असल्यास पुढचे खाद्य कमी करावे.

2. ट्रेमधील कोळंबी उजेडात धरून पाठीवरील आतड्याची रेघ पाहावी. ती भरलेली व सलग असावी.

3. कात टाकण्याच्या दिवसांत, तसेच ढगाळ हवेत व मोठ्या पावसानंतर कोळंबी कमी खाते. त्या वेळी हात आखडता घ्यावा.

4. दिलेल्या व शिल्लक राहिलेल्या खाद्याची रोज नोंद ठेवावी.

कोळंबी संवर्धनात सर्वांत मोठा खर्च खाद्याचा असतो. उरलेले खाद्य नुसते वाया जात नाही. ते कुजते, अमोनिया वाढवते आणि पहाटे आधीच कमी असलेला पाण्यातील प्राणवायू आणखी घटवते. म्हणजे आपणच पैसे मोजून तळ्यात रोगाला आमंत्रण देतो.

मालकाच्या पावलांनी शेत पिकते, असे आपले वाडवडील सांगत. तळ्याच्या बांधावरही ते खरे आहे. उद्या सकाळी खाद्याची बादली उचलण्यापूर्वी ट्रे वर काढा, एवढीच विनंती.