चार दिवसांची हवापालट

तिगाव, पांढुर्णा, सौंसर हा संत्र्यांच्या बागांचा आणि मराठी बोलीचा मुलूख. येथील मुले उच्च शिक्षणासाठी नागपुरास किंवा छिंदवाड्यास जाऊन राहतात. शनिवार आला की कोणी घरी परततो, कोणी दुसऱ्या गावी असलेल्या मित्राकडे दोन दिवस काढून येतो. आता तर मराठी घरांतील कितीतरी मुलेमुली युरोपात शिकतात, आणि आठवड्याच्या सुट्टीत एका शहरातून दुसऱ्या शहरात स्नेह्यांकडे जाऊन येतात. त्यांनी काढलेली छायाचित्रे आईवडिलांना त्याच रात्री पाहावयास मिळतात. अशा लहानशा प्रवासाचा जमाखर्च कोणी मांडून ठेवीत नाही. परंतु 1883 साली इंग्लंडात शिकावयास गेलेल्या एका विद्यार्थिनीने आपल्या अशाच एका छोट्या प्रवासाची नोंद पुढे चोवीस वर्षांनी स्वतःच्या हाताने लिहून ठेवली, आणि त्या प्रवासात तिने जे पाहिले त्याचा लाभ पुढे ज्या मुलींना झाला त्यांत मध्य प्रांतातील मुली होत्या. ती विद्यार्थिनी म्हणजे पंडिता रमाबाई.

रमाबाईंना विद्यार्थिनी म्हटले तर कित्येकांना नवल वाटेल. 1878 साली कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या होत्या. भागवताचे हजारो श्लोक त्यांना मुखोद्गत होते. 1882 साली पुण्यात आर्य महिला समाज त्यांनी स्थापन केला आणि हंटर आयोगापुढे साक्ष देताना स्त्रियांसाठी स्त्री-वैद्य हवेत असे ठासून सांगितले. मग स्वतःच वैद्यक शिकावे, हे त्यांच्या मनाने घेतले. 'स्त्रीधर्मनीति' हे आपले पुस्तक विकून त्यांनी प्रवासखर्च उभा केला, आणि एप्रिल 1883 मध्ये त्या मुंबईहून निघाल्या. त्याच महिन्यात त्यांना पंचविसावे वर्ष पुरे झाले. आईवडील, बहीण दुष्काळात गेलेली, भाऊ 1880 साली गेलेला, पती बिपिनबिहारी 1882 च्या फेब्रुवारीत पटकीने गेलेले. बरोबर होती दोन वर्षांची मनोरमा आणि आनंदीबाई भगत ही मैत्रीण.

इंग्लंडात त्यांना आसरा दिला तो वाँटेज या गावी सेंट मेरी द व्हर्जिन या अँग्लिकन धर्मभगिनींच्या समुदायाने. 1848 साली त्या गावचे धर्मगुरू विल्यम बटलर यांनी हा समुदाय स्थापिला होता. त्याच्या काही भगिनी पुण्यात काम करीत, आणि रमाबाईंची त्यांच्याशी ओळख तेथेच झाली होती. वाँटेजला करार सरळ होता: भारतात जाऊ पाहणाऱ्या भगिनींना रमाबाईंनी मराठी शिकवावे, आणि त्यांनी रमाबाईंना इंग्रजी व इतर विषय शिकवावेत. उपकार फुकट घ्यावयाचे नाहीत, हा बाणा त्यांनी शेवटपर्यंत सोडला नाही. वाँटेज हे राजा आल्फ्रेडचे जन्मस्थान, लहानसे बाजाराचे गाव. तेथून अडीच मैलांवरच्या रेल्वे स्थानकापर्यंत 1875 पासून ट्रामगाडी धावत असे; पुढे ग्रेट वेस्टर्न रेल्वेने सुमारे साठ मैलांवर लंडनचे पॅडिंग्टन स्थानक.

या शांत गावातून, थोडी हवापालट व्हावी म्हणून, एका भगिनीने रमाबाईंना लंडनला समुदायाच्या फुलहॅम येथील घरी पाठविले. पाहुणचार ओळखीच्याच माणसांकडे होता. कामकाज असे काही नव्हते. कोणी लंडनला गेले की राजवाडा, पार्लमेंट, संग्रहालय यांची वर्णने लिहावीत अशी तेव्हाची रीत, आणि आपल्याकडील प्रवासवर्णने अजूनही ती रीत पुष्कळशी पाळतात. रमाबाईंच्या आठवणीत मात्र त्या मुक्कामातून उरले ते एकच घर. समाजाने ज्यांना 'पतिता' म्हणून दूर लोटले त्या स्त्रियांसाठी भगिनींनी चालविलेले ते आश्रयगृह होते.

तेथे त्यांना काही अशा स्त्रिया भेटल्या, की ज्या एके काळी त्याच घराच्या आश्रयास आलेल्या होत्या आणि आता आजारी, दुबळ्या माणसांच्या सेवेला त्यांनी स्वतःला वाहून घेतले होते. अशी घरे दयेपोटी निघतात, आणि दया करणारा वर व घेणारा खाली अशी पायरी त्यांत बहुधा राहते. फुलहॅमला रमाबाईंनी पाहिले ते याहून वेगळे होते. जी काल दारात याचक म्हणून उभी होती, ती आज रुग्णाच्या उशाशी अधिकाराने बसली होती. रमाबाईंसारख्या शास्त्र जाणणाऱ्या स्त्रीला याचा अर्थ फार लवकर कळला. अशा स्त्रीला कोणते शासन करावे याविषयी धर्मशास्त्रांनी सांगितलेली कठोर वचने त्यांना पाठ होती. तिला पुन्हा माणसांत आणण्याचा उपाय त्या वचनांत त्यांना कोठेही आढळला नव्हता.

आपल्या देशात असे काम झालेले आपण पाहिले वा ऐकले नव्हते, असे रमाबाईंनी 1907 च्या निवेदनात म्हटले आहे. येथे एक गोष्ट नोंदविणे न्यायाचे होईल. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी 1863 मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले होते. फसलेल्या विधवांना तेथे गुपचूप येऊन बाळंत होता येई. तशाच एका मातेचे मूल, यशवंत, त्यांनी दत्तकही घेतले. म्हणजे महाराष्ट्रात ही करुणा अगदीच नव्हती असे नाही. ती एका घराच्या अंगणापुरती होती, आणि त्या घराला समाजाने वाळीत टाकल्यासारखे केले होते. याच जोतीरावांनी पुढे 1885 साली 'सत्सार'मध्ये रमाबाईंची बाजू घेतली, हे फार थोड्यांना आठवते.

वाँटेजला परतल्यावर रमाबाईंनी आपल्या शिक्षिका-भगिनीला एक प्रश्न विचारला. अशा स्त्रियांची काळजी घ्यावी, त्यांना सावरावे, असे या लोकांना का वाटते? भगिनीने उत्तरादाखल युक्तिवाद केला नाही. तिने योहानाच्या शुभवर्तमानातील चौथा अध्याय काढला आणि विहिरीवर पाणी भरावयास आलेल्या शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखविली. भर दुपारी एकटी आलेली, पाच नवरे झालेली ती स्त्री. तिच्याकडे येशू पाणी मागतो, आणि तिच्याशी धर्माच्या सर्वांत गहन गोष्टी बोलतो. पाणी कोणाच्या हातचे चालते आणि कोणाच्या हातचे चालत नाही, हा हिशोब जन्मापासून पाहिलेल्या ब्राह्मणकन्येला त्या मागण्याचे मोल इंग्रज भगिनीहूनही अधिक कळले असले पाहिजे. 29 सप्टेंबर 1883 रोजी वाँटेज येथे रमाबाईंनी आणि मनोरमेने बाप्तिस्मा घेतला.

या बाप्तिस्म्याने महाराष्ट्रात मोठी खळबळ उडाली. कोणी आमिषाचा आरोप केला, कोणी कृतघ्नतेचा. आमिषाच्या आरोपाला आधार सापडत नाही. ज्या बाईने पुढे त्याच भगिनींशी प्रत्येक मुद्द्यावर वाद घातला, ती विकली गेलेली नव्हती. मात्र त्या दिवसांवर एक काळी छाया आहे, आणि ती झाकून ठेवणे बरे नव्हे. त्याच सप्टेंबर महिन्यात आनंदीबाई भगत यांनी वाँटेजला आत्महत्या केली. आपल्याला बळाने ख्रिस्ती करतील या भयाने त्यांच्या मनाला ग्रासले होते, असे प्राच्यविद्यापंडित मॅक्समुल्लर यांनी पुढे आपल्या आठवणींत लिहिले. परक्या देशात, परक्या भाषेत, एकाच छताखाली एकीला प्रकाश दिसावा आणि दुसरीला अंधार, ही घटना कोणत्याही एका बाजूच्या पुराव्यात बसत नाही. रमाबाईंच्या गौरवाच्या भरात आनंदीबाईंचे नाव गाळणारे चरित्रकार आहेत. तसे करू नये.

या आघातानंतर रमाबाई ऑक्सफर्डला मॅक्समुल्लर यांच्या घरी काही दिवस पाहुण्या म्हणून राहिल्या. ऋग्वेदाचे संपादन करणारा पंडित आणि भागवत मुखोद्गत असणारी पंडिता एका टेबलाशी बसली, एवढेच चित्र पुरेसे रम्य आहे. पण घरच्या मंडळींना दिसली ती एक भेदरलेली तरुण विधवा. तिला रात्री एकटीला झोप येईना, म्हणून तिच्या खोलीत एक मोलकरीण निजावयास ठेवावी लागली. स्नेह्यांच्या घरचे आदरातिथ्य म्हणजे काय, हे अशा वेळी कळते. विद्वत्तेची चर्चा सकाळी होत असेल. रात्री मात्र कोणीतरी जवळ असणे एवढेच हवे होते, आणि ते त्या घराने दिले.

वैद्यकाचे स्वप्न मात्र सुटले. रमाबाईंना ऐकू कमी येऊ लागले होते. 1884 मध्ये त्या डोरोथिया बील यांच्या चेल्टनहॅम येथील विद्यालयात दाखल झाल्या. तेथे गणित, विज्ञान, इंग्रजी शिकत आणि संस्कृत शिकवीत त्यांनी दोन वर्षे काढली. मनोरमा वाँटेजला भगिनींजवळ असे. या काळात त्यांच्या गुरुस्थानी असलेल्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार वाचण्यासारखा आहे. क्रुसावर लॅटिन अक्षरे नकोत, संस्कृत हवीत, असा त्यांचा आग्रह होता. लॅटिन त्यांना जेवढी परकी तेवढीच त्यांच्या देशभगिनींनाही. अंडे घातलेले पक्वान्न त्या खात नसत. पुरुषांना शिकवू नये, असे धर्माधिकारी म्हणू लागले तेव्हा त्यांनी तेही निमूटपणे ऐकून घेतले नाही. सिस्टर जेराल्डीन यांना यात गर्व दिसला. तरीही त्याच सिस्टरने ती सारी पत्रे, स्वतःवरील टीकेसह, जपून ठेवली आणि संकलित केली. महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने 1977 साली ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. भांडणाची पत्रे इतक्या प्रामाणिकपणे जतन करणारी माणसे विरळाच.

1886 मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई अमेरिकेस गेल्या, 1889 मध्ये मुंबईस परतून त्यांनी शारदासदन उघडले, ते पुढे पुण्यास नेले, आणि धर्मप्रसाराच्या आरोपावरून तेथे वादळ झाले. हा इतिहास परिचित आहे.

कमी परिचित आहे ते 1897 साल. मध्य प्रांतात भीषण दुष्काळ पडला होता. तिगाव-पांढुर्ण्याचा हा भाग ज्या छिंदवाडा जिल्ह्यात होता, तो जिल्हा त्याच प्रांतातला. रमाबाई स्वतः तिकडे गेल्या. उपासमार त्यांना पुस्तकातून कळलेली नव्हती. आईवडील गेल्यावर भावाबरोबर पायी हिंडताना झेलमच्या काठी थंडीपासून वाचण्यासाठी दोघांनी वाळूत खड्डे खणून अंगावर वाळू ओढून घेतली होती. मध्य प्रांतातील दुष्काळी छावण्यांत त्यांनी आणखी एक गोष्ट पाहिली आणि उघडपणे लिहिली: अन्नासाठी आलेल्या निराधार तरुण मुली दुष्ट माणसांच्या हाती पडत होत्या. भुकेने मरणाऱ्यांची गणना सरकारी कागदांत होई; या मुलींची कोठेच होत नव्हती. रमाबाईंनी त्या वर्षी सुमारे 300 मुली पुण्याजवळ केडगावी आणल्या. हातात पुरेसे पैसे नव्हते, घरे बांधून झालेली नव्हती. शेतात तात्पुरते निवारे उभारून त्यांची सोय करावी लागली.

आलेल्यांपैकी कित्येकींच्या अंगावर नुसती भूकच नव्हती, लोकांनी मारलेला शिक्काही होता. त्यांना इतर मुलींत मिसळावे की दूर ठेवावे, हा प्रश्न कोणत्याही अधिक्षिकेला पडला असता; आणि दूर लोटणे हेच सोपे उत्तर होते. रमाबाईंनी अशा स्त्रियांसाठी 1899 च्या सुमारास मुक्तिसदनाच्या आवारात स्वतंत्र घर उघडले आणि त्याला 'कृपासदन' असे नाव दिले. ते चालविण्याची रीत त्यांना नव्याने शोधावी लागली नाही. सोळा वर्षांपूर्वी हवापालटासाठी गेलेल्या एका विद्यार्थिनीने लंडनच्या एका उपनगरात ती पाहून ठेवली होती. येथेही काम शिकविले जाई, शेती, विणकाम, छपाई चाले, आणि बरी झालेली स्त्री दुसऱ्या आजारी स्त्रीच्या सेवेस लागे.

आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत रमाबाई मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर करीत होत्या. ज्यांच्यासाठी ते करावयाचे त्या मुली शास्त्री-पंडितांच्या घरच्या नव्हत्या; त्यांना कळेल अशीच भाषा हवी, हा त्यांचा कटाक्ष होता. 1921 साली मनोरमा गेली. 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाईही गेल्या. भाषांतर त्यांच्या हातून पुरे झाले होते. मुक्तिसदनातील स्त्रियांनी खिळे जुळवून, स्वतःच्या छापखान्यात ते छापले आणि 1924 साली प्रसिद्ध केले. योहानाच्या चौथ्या अध्यायातील विहिरीवरची ती स्त्री त्यात आपल्या खेड्यातील बायकांच्या बोलीत बोलते. पुण्याहून दौंडकडे जाताना केडगाव स्थानक लागते. मुक्तीचे काम तेथे आजही चालू आहे.