दोघांची बोली

पत्ते म्हटले की आपल्याकडची वडीलधारी मंडळी अजूनही नाक मुरडतात. २०१८ साली जकार्ताच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत प्रणव बर्धन आणि शिबनाथ सरकार या जोडीने ब्रिजमध्ये सुवर्णपदक मिळवले, तेव्हा ती थोडी सैलावली. मी आणि माझे भिडू त्याच्या कितीतरी आधीपासून लोणावळा-पुणे लोकलमध्ये मांडीवर ब्रीफकेस आडवी ठेवून ब्रिज खेळत होतो. ते कामशेतला चढत, मी तळेगावला.

ब्रिजमध्ये पाने खेळण्याआधी बोली होते. भिडूची पाने दिसत नाहीत. जे विचारायचे-सांगायचे ते बोलीतूनच. शब्द किती? एक किलवरपासून सात बिनहुकुमीपर्यंत अवघे ३५, शिवाय पास, डबल आणि रिडबल. तेरा पानांचे हात मात्र ६३ हजार कोटींहून अधिक प्रकारचे! त्यात प्रत्येक बोली आधीच्यापेक्षा चढीच हवी. बोरघाटात १८६३ साली रेल्वे सुरू झाली तेव्हा खंडाळ्याजवळ गाडीची दिशा उलटी करून ती पुढे काढण्याची सोय होती. बोलीच्या घाटात तशी सोय नाही. वर गेलात की गेलात. म्हणून खालच्या बोली सर्वांत मोलाच्या. त्यांच्यानंतर बोलायला जागा उरते.

या शब्दांना कोणता अर्थ द्यायचा, हे जोडीने ठरवायचे. एक्क्याला ४, राजाला ३, राणीला २, गुलामाला १ असे गुण मोजतात. सी. सी. वेई या जहाज व्यवसायातल्या गृहस्थांनी ‘प्रिसिजन’ पद्धत बसवली. १६ किंवा अधिक गुण असले की ‘एक किलवर’ म्हणायचे, मग हातात किलवर असो वा नसो. ही पद्धत खेळणारा तैवानचा संघ १९६९ मध्ये जागतिक स्पर्धेच्या अंतिम फेरीत पोचला.

आम्ही तिथूनच सुरुवात केली. प्रिसिजनमध्ये ‘दोन चौकट’ ही बोली चौकटचे जेमतेम एखादे पान असलेल्या मध्यम हातासाठी राखलेली असते. भिडू म्हणाले, “असा हात येतो तरी कितीदा?” चार-चार-चार-एक अशी वाटणी शंभरात सुमारे तीनदा येते, त्यात एकटे पान चौकटचेच असणे शंभरात एकदाही नाही. ती बोली आम्ही सहा चौकटच्या दुबळ्या हाताला दिली. किंमत मोजावी लागलीच. तो विरळा हात आता ‘एक चौकट’मध्ये कोंबावा लागला आणि ती बोली मोघम झाली. एका शब्दाचा अर्थ बदलला की शेजारच्या शब्दावर भार येतोच.

दुसरे पथ्य प्रामाणिकपणाचे. आपली बोली आपण घडवावी, पण ती गुप्त ठेवता येत नाही. प्रतिस्पर्ध्याने विचारले की अर्थ सांगायलाच हवा. हातातली पाने झाकलेली, पण भाषा उघडी.

माझे भिडू तीन वर्षांपूर्वी गेले. चाळीस पानांची वही माझ्याकडे राहिली. ती भाषा बोलणारा मी एकटा. गेल्या वर्षी त्यांची नात म्हणाली, “काका, मला शिकवा.” प्रत्येक पानावर तिचा प्रश्न एकच, “हे असं का?” ‘दोन चौकट’पाशी उत्तर सापडले. समासात भिडूंनी पेन्सिलीने रेघा मारून ठेवल्या होत्या, तो हात कितीदा आला त्याच्या. जिथे रेघा नव्हत्या आणि मलाही कारण सांगता आले नाही, ती पाने आम्ही काढून टाकली. आता वही बारा पानांची आहे.

तुम्हाला कुणाला अशी पद्धत बसवायची असेल, तर एवढेच सांगेन. बोलीसमोर अर्थ लिहाल, तेव्हा शेजारी कारणही लिहा. नंतर येणाऱ्या भिडूला ते लागते.