जागल्याचा वाली कोण?



गावात रात्री गस्त घालणाऱ्याला ‘जागल्या’ म्हणत. आपल्याच कचेरीतील लबाडी उघड करणाऱ्या नोकरालाही मराठीने आता तेच नाव दिले आहे. मात्र त्या जागल्याला गाव पोसत असे. कंपनीतल्या जागल्याला पोसणारा आणि त्याने पकडलेला, हे बहुधा एकच असतात.

आपल्यापैकी अनेकांची मुले खाजगी कंपन्यांत आहेत, म्हणून दिनेश ठाकूर यांची हकीगत सांगतो. रॅनबॅक्सी या औषधकंपनीत असताना २००४ साली त्यांना आढळले की, औषधांच्या चाचण्यांची माहिती अनेक ठिकाणी बनावट आहे. वरिष्ठांनी ते संचालकांपुढे मांडले; निष्पन्न काही झाले नाही. २००५ मध्ये ठाकूरांनी नोकरी सोडली व अमेरिकेच्या औषध प्रशासनाला टोपणनावाने कळविले. पुढे तेथील ‘फॉल्स क्लेम्स ॲक्ट’खाली दावा लावला. हा कायदा १८६३ चा, यादवी युद्धात सैन्याला निकृष्ट माल पुरविणाऱ्या कंत्राटदारांना आळा घालण्यासाठी केलेला. सरकारची फसवणूक उघड करणाऱ्यास वसुलीत वाटा मिळतो आणि दावा आरंभी गुप्त राहतो. २०१३ च्या मे महिन्यात कंपनीने ५० कोटी डॉलर भरण्याचे मान्य केले. त्यांपैकी सुमारे ४ कोटी ८६ लक्ष ठाकूरांना मिळाले. मधली आठ वर्षे त्या घराने कशी काढली असतील, याचा हिशेब त्या आकड्यात नाही.

आपल्याकडे काय? महामार्ग प्राधिकरणाचे अभियंते सत्येंद्र दुबे यांनी, नाव गुप्त ठेवावे अशी विनंती करून, गैरव्यवहार पंतप्रधानांना कळविला होता. २००३ मध्ये गया येथे त्यांची हत्या झाली. देश हळहळला, आणि २००४ च्या ठरावाने अशा तक्रारी केंद्रीय दक्षता आयोगाकडे सोपविल्या गेल्या. २०१४ च्या कायद्याला राष्ट्रपतींची संमतीही मिळाली. परंतु पुढे दहा वर्षे उलटली तरी तो अंमलात आला नाही. शिवाय त्याचा रोख लोकसेवकांवर. खाजगी कंपनीची लबाडी त्याच्या कक्षेबाहेर.

तिथे आधार तो २०१३ च्या कंपनी कायद्यातील कलम १७७ चा. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांनी तक्रारीची यंत्रणा ठेवावी, तक्रारदाराचा छळ होऊ देऊ नये, प्रसंगी त्याला लेखापरीक्षण समितीच्या अध्यक्षांपर्यंत थेट जाता यावे, असे ते सांगते. पण समिती त्याच कंपनीच्या संचालकांची! माझा जन्म फायलींत गेला. ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्याच्याच टेबलावर ती शेऱ्यासाठी गेलेली मी पाहिली आहे. तक्रार कंपनीबाहेरच्या अधिकाऱ्याने ऐकावी आणि निकाल लागेपर्यंत तक्रारदाराची नोकरी राहावी, एवढे तरी कायद्याने द्यावयास हवे.

तोवर आपल्या मुलाने असे काही पाहिले, तर त्याला गप्प बस म्हणू नका. तारीखवार टिपण ठेवावयास सांगा, आणि तोंड उघडण्यापूर्वी चांगला वकील गाठून द्या.