बोर्ड हिरवा, दुकानदार ताटकळत

मागच्या भागानंतर एकच प्रश्न फिरून फिरून आला. "टीम छोटी होती तेव्हा स्क्रम मस्त चालायचं. आता माणसं वाढली आणि सगळं अडायला लागलं. कुठला फ्रेमवर्क घेऊ?" उत्तराआधी मला माझाच एक घोळ सांगायचाय. तो झाला तेव्हा मी टीम लीड होतो, आणि माझा बोर्ड पूर्ण हिरवा होता.

आमची कंपनी छोट्या व्यापाऱ्यांसाठी बिलिंगचं ॲप बनवायची. नाव सांगत नाही, गरजही नाही. मी जॉइन झालो तेव्हा आम्ही 9 जण होतो, एकाच टेबलाभोवती मावायचो. स्टँडअप म्हणजे चहा संपेपर्यंतच्या गप्पा. कुणाचं काम कुणापाशी अडलंय हे विचारावं लागायचं नाही, मान वर केली की दिसायचं. अडीच वर्षांत आम्ही 60 झालो.

आता गणित बघा. फ्रेड ब्रूक्सनं 1975 मध्ये 'द मिथिकल मॅन-मंथ' या पुस्तकात हेच मांडलं होतं. 9 माणसांत दोघादोघांच्या जोड्या होतात 36. 60 माणसांत होतात 1,770. माणसं सात पटही नाही वाढली, पण बोलायच्या वाटा पन्नास पटीच्या आसपास वाढल्या. एवढ्या जणांशी कोण बोलणार? म्हणून टीम पाडाव्याच लागतात. खरी गोची असते ती कुठून पाडायच्या याची.

आम्हाला सापडला स्पॉटिफायचा तो प्रसिद्ध पेपर. हेन्रिक क्निबर्ग आणि अँडर्स इवार्सन यांनी 2012 मध्ये लिहिलेला. स्क्वॉड, ट्राइब, चॅप्टर, गिल्ड हे शब्द तिथूनच जगभर पसरले. तेव्हा त्यांच्याकडे तीन शहरांत मिळून तीसच्या वर टीम्स होत्या. आम्ही 60 जण, एका मजल्यावर. तरी सोमवारी मेल आला की आजपासून आपले सात स्क्वॉड. खातेवही स्क्वॉड, बिल स्क्वॉड, प्रिंट स्क्वॉड, मोबाइल स्क्वॉड वगैरे. स्टिकरही छापले होते. माझ्या लॅपटॉपवर अजून आहे एक.

आणि मग लातूरच्या एका दुकानदार काकांचा फोन आला. त्यांच्या एका मोठ्या गिऱ्हाइकाचा जीएसटी नंबर बदलला होता. काकांनी तो ॲपमध्ये बदलला, पण नवीन बिलावर जुनाच छापून येत होता. चुकीच्या नंबरचं बिल गिऱ्हाइकाच्या पोर्टलवर दिसत नाही, आणि मग त्याचं इनपुट क्रेडिट अडकतं. आपल्याला तो बग वाटतो, त्या माणसासाठी ते पैसे असतात.

काम केवढं? खातेवहीतून नवा नंबर पाठवायचा, बिलानं तो घ्यायचा, प्रिंटनं छापायचा, मोबाइलनं दाखवायचा. चार स्क्वॉड. प्रत्येकाचा स्प्रिंट दोन आठवड्यांचा आणि आधीच भरलेला. म्हणजे खातेवहीनं या स्प्रिंटमध्ये केलं की बिल पुढच्या स्प्रिंटमध्ये घेणार, प्रिंट त्याच्या पुढच्या. मी बिल स्क्वॉडचा लीड. माझं कार्ड मी एका दुपारी संपवलं, 'डन'मध्ये ओढलं आणि रिव्ह्यूमध्ये छान आकडे दाखवले. सातही स्क्वॉड हिरवे.

सपोर्टला आमच्याकडे एक ताई होत्या. काका दर दोन दिवसांनी त्यांनाच फोन करायचे. एकदा त्या थेट माझ्या डेस्कपाशी आल्या. "अरे, तुझं डन झालं ना? मग काकांचं कधी होणार?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी म्हणालो, "ताई, ते आता प्रिंटकडे आहे." काय उत्तर आहे हे!

फोन आल्यापासून दुरुस्ती काकांच्या मोबाइलवर पोचायला 44 दिवस लागले. हात लावून केलेलं काम जेमतेम साडेतीन दिवसांचं. बाकी सगळी रांग. काकांनी तोवर ॲप काढून टाकलं होतं.

त्यानंतर मी तो पेपर पुन्हा वाचला, या वेळी चित्रं सोडून मजकूर. सुरुवातीलाच लिहिलंय की हे फक्त आजचं चित्र आहे, तुम्ही वाचाल तोवर बदललेलं असेल. आणि आत एक भाग आहे, ज्यावर आमच्याकडे कुणी बोललंच नव्हतं. ते प्रत्येक स्क्वॉडला ठरावीक काळानं विचारायचे की तुम्ही कुणावर अवलंबून आहात आणि त्यामुळे तुमचं काम थांबतंय का. जिथे थांबतंय तिथे टीम बदलायची, नाहीतर सॉफ्टवेअरची रचनाच बदलायची. आम्ही नावं उचलली आणि हे पान सोडलं. सेफ नावाच्या फ्रेमवर्कची लोक जड म्हणून टिंगल करतात, मीही करायचो. पण त्यांच्या प्लॅनिंगच्या बोर्डावर कोण कुणावर अवलंबून आहे ते लाल दोऱ्यांनी दाखवतात. निदान दोरे दिसतात तरी.

आम्ही शेवटी काय केलं? मागच्या तीन महिन्यांची कार्डं काढली आणि प्रत्येकावर कुठे किती दिवस पडून होतं ते पेनानं लिहिलं. दोन तासांचं काम. खातेवही, बिल आणि प्रिंट ही तीन नावं पुन्हा पुन्हा एकत्र येत होती. मग त्या तिघांतून माणसं घेऊन दोन टीम केल्या. प्रत्येकीकडे बिल बनवण्यापासून छापण्यापर्यंतचं सगळं, आणि एकेक मोबाइलवालाही. रोजची लीड लोकांची मीटिंग बंद केली, कारण बोलायला फारसं उरलंच नाही.

फुकट नाही झालं हे. प्रिंटच्या लीडला वाटलं आपली टीम मोडली, तो बरेच दिवस नीट बोलत नव्हता. मोबाइलवाले वेगळे बसायला लागल्यावर एकच स्क्रीन दोघांनी दोन पद्धतीनं बनवली. तेव्हा मात्र ते चॅप्टर प्रकरण कामाला आलं. दर गुरुवारी एक तास सगळे मोबाइलवाले एकत्र बसायला लागले.

तर फ्रेमवर्क निवडायच्या आधी एक करा. तुमच्या बोर्डावरचं सगळ्यात जुनं कार्ड घ्या. त्यावर काम किती दिवस झालं आणि ते पडून किती दिवस राहिलं, हे दोन आकडे मला व्हॉइस नोटवर पाठवा. कंपनीचं नाव नको. पुढच्या भागात आपण ते आकडे घेऊनच बसू.