कुलूपबंद दप्तराची विल्हेवाट
ठाण्यातील वा डोंबिवलीतील एखादा करसल्लागार अशिलांची आयकर-विवरणे कूटबद्ध डिस्क-इमेजमध्ये ठेवतो आणि पुढे संगणक विकावयास काढतो, तेव्हा कचरापेटी रिकामी केल्याने दप्तर नष्ट झाले असे त्याने मानू नये. कारण तेवढ्याने केवळ सूचीतील नोंद खारीज होते. जुन्या चुंबकीय तबकडीवर पुनर्लेखन पुरते. एसएसडी मात्र सर्वत्र झीज सारखी व्हावी म्हणून नवा मजकूर अन्यत्र लिहिते, तेथे तो उपाय भरवशाचा नाही. यास्तव इमेज आधी इजेक्ट करून, मग ती, तिच्या पेनड्राइव्हवरील प्रती आणि जतन केलेला पासवर्ड, सर्वच काढून टाकावे. पासवर्ड भक्कम असून कोठेही उरला नसेल, तर मागे राहिलेला मजकूर कोणासही वाचता येत नाही. छपाईसाठी बाहेर काढलेली, डाउनलोड्समध्ये पडून राहिलेली उघडी पीडीएफ मात्र कसोशीने शोधावी. धोका बहुधा तिथेच असतो.