थायरॉइडची तपासणी : कुणी, कधी आणि कशी करावी?

तुमच्याकडून येणाऱ्या पत्रांत एकच प्रश्न फिरून फिरून असतो : "डॉक्टर, माझं वजन वाढतंय, केस गळतायत, थायरॉइड असेल का? कोणती तपासणी करू?" त्याचं उत्तर आज देते. पण एक गोष्ट आधीच बजावून ठेवते, कारण ती पुढे ढकलण्यासारखी नाही. घरात कुणाला दिवस गेले असतील आणि तिची थायरॉइडची गोळी चालू असेल, तर ती गोळी कुणीही, कुणाच्याही सांगण्यावरून बंद करायची नाही. याबद्दल सविस्तर बोलतेच.

गळ्याच्या पुढच्या बाजूला, कंठमण्याच्या जरा खाली ही ग्रंथी असते. वजन जेमतेम १५ ते २० ग्रॅम. पण हृदयाचे ठोके, पोट साफ होणं, अंगातली ऊब, पाळी, या सगळ्यावर तिचा अंमल चालतो. तिला कामाला लावतं ते टीएसएच, आणि ते येतं मेंदूच्या तळाशी असलेल्या पियुषिका ग्रंथीतून. बैल मंदावला की गाडीवान आवाज चढवतो ना, तसं थायरॉइड ग्रंथी मंदावली की टीएसएच वाढतं. म्हणजे रिपोर्टात टीएसएच जास्त आलं, तर ग्रंथी कमी काम करतेय. फारच खाली गेलं असेल, तर बहुधा ती जास्त काम करतेय. हे उलटं गणित लक्षात न घेता रिपोर्ट वाचायला बसलात, तर घोटाळा ठरलेला.

तपासणी कुणी करावी? सतत थकवा, इतरांना उकडतंय आणि आपल्याला मात्र थंडी वाजतेय, बद्धकोष्ठता, कोरडी पडलेली कातडी, आवाज घोगरा होणं, पाळीत जास्त रक्तस्राव. यांतलं दोन-तीन एकत्र असेल तर करावी. उलट खाणं भरपूर असूनही वजन उतरतंय, छातीत धडधडतंय, हात थरथरतायत, तरीही करावी. आई, बहीण, मावशी यांना हा आजार असेल, तर लक्ष ठेवावं. पुरुषांनाही होतो. आरशासमोर मान जरा वर करून घोटभर पाणी प्या. गिळताना गळ्यात फुगवटा वर सरकताना दिसला, तर डॉक्टरांना दाखवा.

आणि वजनाचं म्हणाल, तर ग्रंथी मंदावल्यानं साधारण दोन ते पाच किलो वाढतं, त्यातही बरंचसं अंगात साठलेलं पाणी आणि मीठ असतं. वीस किलोंचा दोष त्या ग्रंथीवर घालू नका.

सुरुवातीला टीएसएच आणि फ्री टी-फोर (म्हणजे थायरॉइड ग्रंथीचं स्वतःचं संप्रेरक) एवढं पुरतं. उपाशीपोटी जायची सक्ती नाही, पण दर वेळी सकाळी साधारण त्याच सुमाराला रक्त द्या. गोळी चालू असेल तर आधी रक्त द्या, मग गोळी घ्या. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या खात असाल, तर निदान दोन दिवस आधी थांबवा. बायोटिनमुळे रक्त तपासण्याच्या काही पद्धतींत आकडे चुकीचे येतात आणि नसलेला आजार रिपोर्टात उमटतो. ताप किंवा मोठं आजारपण चालू असताना, निकड नसेल तर, ही तपासणी करू नका. टीएसएच थोडं वाढलेलं, दहाच्या आत, आणि फ्री टी-फोर ठीक असेल, तर बहुतेक वेळा दोन-तीन महिन्यांनी परत तपासून मगच गोळीचं ठरवतात.

गरोदरपणात मात्र थांबायचं नाही. पहिले दहा-बारा आठवडे बाळाची स्वतःची ग्रंथी संप्रेरक बनवत नाही. त्याच्या मेंदूच्या वाढीला लागणारं ते सगळं आईच्या रक्तातून जातं. नेमकं याच काळात घरातली वडीलधारी माणसं सांगतात, "पोटुशी असताना गोळ्या नकोत गं, बाळाला गरम पडतात." आणि ती पोर बिचारी निमूटपणे बाटली कपाटात ठेवून देते! सासूबाई, आजी, तुमच्या मायेबद्दल मला शंका नाही, पण कृपा करून हा सल्ला देऊ नका. या गोळीत आहे ते आपली ग्रंथी बनवते तेच संप्रेरक. ती बाळाला बाधत नाही. ती न घेणं बाधतं : गर्भपात होऊ शकतो, रक्तदाब वाढू शकतो, बाळ दिवस भरायच्या आत जन्मू शकतं, त्याच्या बुद्धीच्या वाढीवर परिणाम होऊ शकतो.

बंद करणं तर सोडाच, दिवस गेल्यावर बहुतेकींचा डोस वाढवावा लागतो. म्हणून पाळी चुकली आणि तपासणीत गरोदरपण कळलं, की त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा, टीएसएच करा. पहिल्या नावनोंदणीची वाट बघू नका. पुढे निम्मे दिवस भरेपर्यंत दर चार आठवड्यांनी तपासा. गोळी सकाळी उठल्याबरोबर, पाण्याबरोबर. चहा अर्ध्या-पाऊण तासानंतर. आशा सेविकांनी दिलेली लाल लोहाची गोळी आणि कॅल्शियम तिच्यापासून चार तास लांब, नाहीतर थायरॉइडची गोळी नीट शोषली जात नाही. टीएसएच नॉर्मल आलं, तरी गोळी चालूच ठेवायची. नॉर्मल आलंय ते गोळीमुळे.

बाळंतपणानंतर डोस पुन्हा ठरवावा लागतो, सहा आठवड्यांनी रक्त तपासा.

बाळ जन्मलं की तिसऱ्या ते पाचव्या दिवशी त्याच्या टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन त्याचंही टीएसएच करून घ्या. आईला आजार नसला तरी करा. साधारण हजारात एका बाळात ही ग्रंथी जन्मतःच नसते किंवा काम करत नाही, आणि असं बाळ पहिले काही आठवडे दिसायला अगदी छान असतं. पहिल्या दोन आठवड्यांत उपचार सुरू झाले, तर ते इतर मुलांसारखंच शिकतं, खेळतं. उपचार म्हणजे काय, तर चमचाभर आईच्या दुधात चुरून दिलेली छोटीशी गोळी. उशीर झाला, तर गेलेली बुद्धी कुठल्याही औषधानं परत येत नाही.

तेव्हा प्रसूतीचं दवाखान्यात नाव घालाल, त्याच दिवशी विचारा : बाळाची टाचेची तपासणी इथे होते का? होत नसेल, तर कुठे होईल ते लिहून घ्या.