छपरावर चढणाऱ्याची काळजी
(कलशारोहणाच्या दिवशी सभामंडपात केलेले भाषण)



मी सुतार माणूस. भाषणाची सवय नाही. पण नवे छप्पर उभे राहिले, आता दरवर्षी पावसाआधी कोणीतरी त्यावर चढणार, म्हणून चार शब्द बोलतो.

चाळीस वर्षांपूर्वी जुन्या देवळाची कौले परतताना माझा थोरला भाऊ शिडीवर होता आणि खाली शिडी धरायला मी होतो. कोणीतरी चहाला हाक मारली. मी म्हटले, दोन मिनिटांत येतो. परत आलो तेव्हा शिडी सरकली होती आणि दादा अंगणात पडला होता. त्याचा पाय पुन्हा सरळ झाला नाही. त्याने मला आजवर एका शब्दाने दोष दिला नाही, पण मी ते विसरलेलो नाही.

म्हणून तरुणांना सांगतो. शिडी उभी करताना उंचीच्या चौथा हिस्सा पाय बाहेर ठेवा. आपली वळचण बारा फूट उंच आहे, तर शिडीचा पाय तीन फूट बाहेर हवा. हे माप भिंतीपासून घेऊ नका. पागोळ्यांनी जमिनीवर रेघ पाडलेली असते, तिथून मोजा. शिडी फार उभी लावली तर माणूस मागे कलंडतो, फार तिरकी लावली तर पाय सरकतो. वळचणीच्या वर शिडी तीन फूट राहिली पाहिजे, म्हणजे छपरावर पाय टाकताना हाताला आधार मिळतो. या हिशेबाने सोळा फुटी शिडी लागते.

शिडीचा माथा कौलाच्या कडेवर किंवा पन्हळीवर टेकवू नका. तो वाशाला टेकवून दोराने बांधा. सारवलेल्या अंगणात पाय घसरतो, म्हणून पायाच्या मागे मेख ठोका. माथा बांधून होईपर्यंत खालच्याने जागा सोडू नये, चहा निवला तरी चालेल. चढताना हत्यारे हातात घेऊ नका, मागाहून दोराने वर ओढून घ्या.

छपरावर उघड्या कौलांवरून चालू नका. मंगलोरी कौल पावसासाठी केलेले आहे, माणसाच्या भारासाठी नव्हे. दुसरी शिडी पाख्यावर आडवी निजवा. तिला वर भक्कम आकडे हवेत आणि ते आढ्यापलीकडे अडकले पाहिजेत. नुसत्या कोन्यांवर भरवसा ठेवू नका. कोने चुन्या-सिमेंटात बसवलेले असतात, ओढ बसली की निघून येतात. म्हणून त्या शिडीचा दोर पलीकडच्या बाजूला खाली नेऊन खांबाला बांधा.

कमरेला दोर बांधण्याची आपली जुनी रीत आहे. त्याने माणूस लोंबकळतो खरा, पण हिसक्याने बरगड्या आणि पाठ दुखावते. आता खांदे आणि मांड्या धरणारा पट्टा बाजारात मिळतो, तो वापरावा.

काम पावसाआधी, दव वाळल्यावर करावे. ओल्या शेवाळावर अनवाणी पायही टिकत नाही. विजेच्या तारेजवळ शिडी नेऊ नका. लोखंड, अल्युमिनियम तर सोडाच, ओला बांबूही झटका देतो.

दात्यांनी सढळ हाताने दिले. त्यांची नावे संगमरवरावर कोरली गेली, ते योग्यच झाले. माझी विश्वस्तांना एकच विनंती आहे. दोन चांगल्या शिड्या, दोर आणि दोन पट्टे देवळाच्या कोठीत कायम असावेत, आणि एकट्याला कोणी वर चढू देऊ नये. "देव राखील" असे आपण म्हणतो. राखतोच. पण गाठ आपणच मारायची असते.

आज दादा समोर पहिल्या रांगेत बसला आहे. त्याच्या साक्षीने हे बोललो. चुकले असल्यास क्षमा करावी.